विश्वाच्या वयाचा वाद आणि गणेशखिंडीतील शेजार

विसाव्या शतकाच्या मध्याला खगोलशास्त्राची एक मोठी पंचाईत झाली होती: हिशोब केला असता विश्वाचे वय पृथ्वीच्या वयापेक्षा कमी भरत होते. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेच्या वेधांवरून असे दाखवले होते की दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, एकमेकींपासून दूर जात आहेत. त्यांच्या वेगांवरून मागे मोजत गेले तर हा पसारा सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी सुरू झाला असावा असे निघत होते. उलट खडकांतील युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून भूशास्त्रज्ञ एकट्या पृथ्वीलाच सुमारे ३ अब्ज वर्षांची ठरवत होते. लेक आईहून थोरली निघावी अशी ही स्थिती होती. तिच्यातून जो वाद उभा राहिला तो केंब्रिजमध्ये पेटला हे खरे, पण त्याचे पुढचे बरेचसे आयुष्य मुंबई, कल्याण, उटी, पुणे आणि जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गेले, आणि त्याच्या दोन्ही बाजू लढवणारी माणसे काही काळ मुंबईतील एकाच संस्थेच्या पगारपत्रकावर होती. या दोन बाजूंच्या हकिगती मराठीत बहुधा वेगवेगळ्या सांगितल्या जातात; त्या एकत्र वाचल्याशिवाय मात्र त्यांतील कोणतीच नीट समजत नाही.

विश्वाचे वय काढण्याची रीत मुळात साधी आहे, तिच्यात लागणारी मोजमापे तेवढी साधी नाहीत. एकाच स्थानकातून एकाच वेळी सुटलेल्या गाड्यांपैकी जी दुप्पट वेगाने धावते ती दुप्पट अंतरावर पोचलेली असते, म्हणून कोणत्याही गाडीच्या अंतराला तिच्या वेगाने भागले की सुटण्याची वेळ कळते. दीर्घिकांनाही हाच त्रैराशिकाचा नियम लावता येतो, मात्र येथे मधोमध असे कोणतेही स्थानक नसून दीर्घिकांमधले अवकाशच सर्वत्र सारखे ताणले जाते, एवढा फरक ध्यानात ठेवावा लागतो. वेग आणि अंतर यांच्या या गुणोत्तराला हबल स्थिरांक म्हणतात. हबल यांच्या आकडेमोडीत तो ५०० आला होता, म्हणजे दर मेगापार्सेकला, अर्थात ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांच्या अंतराला, दूर जाण्याचा वेग सेकंदाला ५०० किलोमीटरने वाढत होता.

यांपैकी वेग मोजण्याचे काम वर्णपट करतो. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्याचे तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या आणि शोभेच्या दारूच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील कारागिराचे पोट ज्या गुणधर्मावर चालते त्याच गुणधर्मावर खगोलशास्त्रज्ञही विसंबून असतो, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. दारूत स्ट्रॉन्शियमचा क्षार असला की आतषबाजी लाल फुलते, बेरियमचा असला की हिरवी आणि सोडियमचा असला की पिवळी, कारण तापलेल्या वायूतील प्रत्येक द्रव्य आपल्या ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश बाहेर टाकते. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून विखरून पाहिला तर हायड्रोजन, कॅल्शियम, सोडियम यांच्या याच खुणा त्यात रेषांच्या रूपाने सापडतात, फक्त त्या आपल्या नेहमीच्या जागेवरून वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकलेल्या असतात. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. प्रकाश वाटेत असताना अवकाश जितके ताणले गेले तितकी त्याची तरंगलांबीही ताणली जाते, म्हणून ताम्रसृती हे प्रसरणाचे थेट माप ठरते. व्हेस्टो स्लायफर यांनी ॲरिझोनातील लोवेल वेधशाळेत १९१२ पासून ही मापे घेण्यास आरंभ केला होता.

अंतराचे काम याहून कितीतरी किचकट होते. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायापट्ट्या तपासणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांना असे आढळले होते की सेफीड नावाच्या रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचे तेज नियमाने कमीजास्त होते अशा ताऱ्यांची, एक आवृत्ती जितकी लांब तितका तो तारा मुळात अधिक तेजस्वी असतो. तेव्हा आवृत्ती मोजावी, तिच्यावरून खरे तेज काढावे, ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहावे, म्हणजे अंतर मिळते. हबल यांची सारी मोजणी या पायरीवर उभी होती, आणि तीच पायरी कच्ची निघाली. सेफीड तारे दोन जातींचे असून हबल यांनी एका जातीची फूटपट्टी दुसऱ्या जातीला लावली होती, हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत जाहीर केले. त्याबरोबर दीर्घिकांची अंतरे आणि विश्वाचे वय दोन्ही एका झटक्यात दुप्पट झाली. पुढे १९५८ मध्ये ॲलन सँडेज यांनी हबल स्थिरांक ७५ च्या आसपास आणून ठेवला.

परंतु ही दुरुस्ती होण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, केंब्रिजमधील तिघांनी मूळ प्रश्नच निकालात काढला होता. हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी एका निबंधात, तर फ्रेड हॉइल यांनी दुसऱ्या स्वतंत्र निबंधात असे मांडले की विश्व प्रसरण पावत असले तरी ते कधी सुरू झालेच नाही. दीर्घिका दूर जाऊन जी जागा मोकळी होते तिच्यात नवे द्रव्य निर्माण होत राहते, जुन्यांच्या जागी नव्या दीर्घिका घडतात, आणि त्यामुळे कोणत्याही काळी पाहिले तरी विश्वाचे एकंदर रूप तेच राहते. यासाठी लागणारी नवनिर्मिती अगदीच क्षुल्लक होती, एका घनमीटर जागेत अब्जभर वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू, आणि म्हणून कोणत्याही प्रयोगशाळेत ती पकडली जाण्याची सोय नव्हती. विश्वाला जन्मच नाही म्हटल्यावर त्याच्या वयाची अडचण आपोआप मिटत होती. विश्वाचा आरंभ एका क्षणी झाला असे मानणाऱ्या विरुद्ध पक्षाला आज जगभर जे नाव आहे, महास्फोट, ते देखील हॉइल यांनीच १९४९ मध्ये बीबीसीच्या एका भाषणात, आपला पक्ष समजावून सांगताना वापरले होते. प्रतिपक्षाला नाव बहाल करून नंतर त्या नावासमोर हरण्याचा प्रसंग फार थोड्यांवर आला असेल.

या स्थिर स्थिती सिद्धांताशी महाराष्ट्राचे नाव जोडले गेले ते जयंत विष्णू नारळीकर यांच्यामुळे. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला, पण बालपण आणि शिक्षण बनारसला, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे केंब्रिजहून परतल्यावर १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांतावर भारतात काम करणारे ते पहिल्या पिढीतील गणिती, प्र. चु. वैद्य यांनी प्रारण फेकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे आपले प्रसिद्ध उत्तर १९४३ मध्ये काढले ते त्यांच्याकडे काम करत असतानाच. मातोश्री सुमती नारळीकर संस्कृतच्या विदुषी होत्या. अशा घरातून केंब्रिजला गेलेल्या जयंतरावांनी १९५९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लरचा मान मिळवला आणि पुढच्या वर्षी ते हॉइल यांचे संशोधक विद्यार्थी झाले. गुरूची निवड करताना त्यांनी एक वादही स्वीकारला होता, हे काही महिन्यांतच दिसून आले.

केंब्रिजमध्येच मार्टिन राइल हे रेडिओ दुर्बिणींनी आकाशातील रेडिओ स्रोतांची, म्हणजे ज्या खस्थ वस्तू रेडिओ लहरी बाहेर टाकतात त्यांची, गणती करत होते. या गणतीमागील तर्क समजण्यास सोपा आहे. स्रोत सर्वत्र सारखे विखुरलेले असतील आणि अवकाश स्थिर असेल, तर प्रखरतेची मर्यादा एक चतुर्थांशावर आणली की दृष्टी दुप्पट अंतरापर्यंत पोचते, दुप्पट अंतरात आठपट घनफळ मावते, म्हणून स्रोतांची संख्याही आठपट व्हायला हवी. विश्व प्रसरण पावणारे पण सदा सारखे असेल तर ही वाढ आठपटीहून थोडी कमी भरेल; ती आठपटीहून अधिक निघाली, तर त्याचा अर्थ दूरवर, पर्यायाने भूतकाळात, स्रोत अधिक होते, म्हणजेच विश्व बदलत आले आहे. राइल यांच्या १९५५ च्या यादीत १,९३६ स्रोत होते आणि संख्या आठऐवजी चौसष्टपटीच्या वेगाने वाढताना दिसत होती, पण त्यांतील बरेच स्रोत जवळजवळच्या अनेक स्रोतांची सरमिसळ होते, हे सिडनीच्या बर्नार्ड मिल्स यांच्या वेधांनी उघड केले. हात पोळलेल्या राइल यांनी उपकरण सुधारले आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत नवी गणती मांडली: वाढ सुमारे बारापट. हॉइल यांना सपत्नीक आमंत्रण होते, निष्कर्षाची पूर्वकल्पना मात्र दिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी विश्वाला आरंभ असल्याचा निकाल देऊन टाकला.

हॉइल यांनी उत्तर तयार करण्याच्या कामाला २२ वर्षांच्या नारळीकरांना जुंपले, आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत ते मांडण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच आली. त्यांचे म्हणणे असे की स्थिर स्थितीतील विश्व फार मोठ्या मापावर एकसारखे असले तरी सुमारे १५ कोटी प्रकाशवर्षांच्या मापावर ते गाठीगाठींचे असू शकते. आपण नेमके स्रोत विरळ असलेल्या भागात राहत असू तर जवळचे प्रखर स्रोत कमी आणि दूरचे अंधुक स्रोत तुलनेने जास्त दिसतील, आणि राइल यांची बारापट वाढ आरंभाशिवायही जुळून येईल. यासाठी त्यांनी संगणकात यदृच्छेने पसरलेली काल्पनिक विश्वे रचून त्यांतील स्रोत मोजले. विश्वरचनेच्या प्रश्नाला संगणक लावण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय. हा बचाव बुद्धिमान होता, परंतु शेवटी बचावच होता, आणि सिद्धांताला दर वेळी एखादी नवी जोड द्यावी लागणे ही त्याच्या प्रकृतीची चांगली खूण नव्हे. द्रव्य मोठ्या मापावर गाठीगाठींनी जमलेले असते, हा त्यातील अर्धा भाग मात्र पुढे दीर्घिकांच्या नकाशांनी खरा ठरवला.

वर्ष १९६५ मध्ये तीन घटना एकत्र आल्या, त्यांचा परस्परसंबंध त्या वेळी कोणाच्या लक्षात येणे शक्य नव्हते. वस्तूचे जडत्व हे तिचे स्वतःचे नसून विश्वातील इतर सर्व वस्तुमानांमुळे येते, या कल्पनेवर हॉइल आणि नारळीकर यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला होता. त्याची कीर्ती भारतात आधीच पोचल्यामुळे नारळीकरांच्या भाषणांना लोटलेली गर्दी आवरेना, आणि वयाच्या २६ व्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी जाहीर केले की त्यांच्या अँटेनाला आकाशाच्या सर्व दिशांनी निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे साडेतीन अंश तापमानाचे सूक्ष्मतरंगी प्रारण मिळते. तापलेल्या, दाट अवस्थेतून विश्व थंडावत आले असेल तर अशी ऊब उरणे अपेक्षितच होते, स्थिर स्थितीच्या विश्वात मात्र तिला सरळ स्पष्टीकरण नव्हते. आणि त्याच वर्षी मुंबईजवळ कल्याणला ३२ लहान तबकड्यांची एक रेडिओ दुर्बीण सूर्याचे वेध घेऊ लागली.

कल्याणच्या तबकड्यांचा प्रवास मोठा गमतीदार आहे. गोविंद स्वरूप हे उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वाऱ्याचे. १९५३ मध्ये ते रेडिओ खगोलशास्त्र शिकण्यासाठी सिडनीला गेले आणि तेथे पॉट्स हिल या ठिकाणच्या १.८ मीटर व्यासाच्या तबकड्यांवर काम करताना, त्या आता मोडीत निघणार आहेत असे कळताच, त्या भारताला देणगी म्हणून मागून बसले. तबकड्या मिळाल्या, पण त्या उभारण्याची व्यवस्था दिल्लीत होईना, तेव्हा स्वरूप अमेरिकेला गेले. स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन या चौघांनी १९६१ मध्ये परत येऊन एक गट उभारण्याची तयारी भारतातील संस्थांना पत्राने कळवली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा यांनी १९६२ च्या आरंभीच होकार दिला, आणि १९६३ मध्ये संस्थेत दाखल झालेल्या स्वरूप यांनी सिडनीच्या त्याच तबकड्या कल्याणला मांडल्या, २४ पूर्व-पश्चिम आणि ८ दक्षिणोत्तर. लोहमार्गाचे जंक्शन म्हणून ज्या गावाचे नाव सर्वांच्या तोंडी असते तेथे भारतीय रेडिओ खगोलशास्त्राची पहिली मोठी दुर्बीण होती, हे खुद्द कल्याणकरांनाही फारसे ठाऊक नसावे.

सूर्य हे स्वरूप यांचे अंतिम उद्दिष्ट नव्हते. हॉइल आणि राइल यांच्या वादात स्वतंत्र पुरावा मिळवायचा, हे होते. राइल यांची गणती फक्त संख्या सांगत होती, आणि संख्येच्या अर्थावर वाद घालता येतो. त्याऐवजी अंधुक रेडिओ स्रोत आकाशात किती कोन व्यापतात हे मोजता आले तर वादाला दुसऱ्या बाजूने हात घालता येईल, कारण दूरची वस्तू केवळ अंधुकच नव्हे तर लहानही दिसते, आणि किती लहान दिसते ते विश्वाच्या भूमितीवर व इतिहासावर अवलंबून असते. त्या काळच्या रेडिओ दुर्बिणींना इतके बारीक कोन मोजता येत नव्हते, म्हणून स्वरूप यांनी चंद्राची मदत घेण्याचे ठरवले. चंद्र आकाशात सेकंदाला सुमारे अर्धी विकला सरकतो, एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. एखादा स्रोत चंद्रबिंबाआड जाताना, म्हणजे त्याचे पिधान होताना, त्याचा आवाज विझायला किती वेळ लागतो यावरून त्याचा आकार काही विकलांच्या बारकाईने काढता येतो. त्यासाठी चंद्राच्या मागोमाग तासन्‌तास फिरणारी प्रचंड दुर्बीण हवी होती. निलगिरीत उटीजवळ दक्षिणोत्तर उताराची अशी टेकडी शोधण्यात आली की जिचा उतार त्या जागेच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश, भरावा. त्यामुळे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा अन्वस्त दंडगोल त्या उतारावर बसवला की त्याचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला, आणि एकाच दिशेने फिरवून आकाशाचा पाठलाग करणे शक्य झाले. भूगोलाकडून इतके काम करवून घेतलेली दुर्बीण दुसरी दाखवणे कठीण आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये ती वेध घेऊ लागली आणि पुढच्या काही वर्षांत हजाराच्या घरात स्रोतांची पिधाने तिने टिपली.

या वेधांचा निष्कर्ष १९७५ मध्ये स्वरूप आणि त्यांचे विद्यार्थी विजय कपाही यांनी दोन निबंधांत प्रसिद्ध केला. प्रखर स्रोतांकडून अंधुक स्रोतांकडे जाताना कोनीय आकार ज्या रीतीने कमी होत जातो ती रीत, विश्व नेहमी असेच होते असे मानून जुळवता येत नव्हती; भूतकाळात रेडिओ स्रोत आजच्यापेक्षा संख्येने अधिक आणि आकाराने लहान होते, असे मानल्यावरच ती जुळत होती. राइल यांच्या गणतीला अगदी वेगळ्या वाटेने मिळालेली ही पुष्टी होती, आणि ती देणारे संशोधक टाटा संस्थेचे होते, जेथे नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिज सोडून प्राध्यापक म्हणून आले होते. स्थिर विश्वाचा जगातील एक प्रमुख पुरस्कर्ता कुलाब्यात आणि त्या विश्वाविरुद्धचा पुरावा गोळा करणारी मंडळी उटीत, संस्था एक. या स्थितीतून कोणताही उघड दुरावा निर्माण झाला नाही, आणि नारळीकरांनी आपला पक्षही सोडला नाही. याच काळात, १९७४ मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. अवघड पदाचा अर्थ ते पद वापरता वापरताच उलगडत नेण्याची जी रीत मराठी विज्ञानलेखनात पुढे रुळली, तिचा बराचसा वाटा या कथालेखकाचा आहे.

दोन्ही परंपरा पुण्यात पुन्हा शेजारी आल्या. स्वरूप यांनी १९८४ मध्ये मीटर तरंगलांबीच्या महाकाय दुर्बिणीची योजना आखली, तर नारळीकर १९८८ मध्ये आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राचे, म्हणजे आयुकाचे, संस्थापक संचालक झाले. आयुका आणि टाटा संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभी राहिली. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आयुकाच्या मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. चौघांपैकी कोणाच्याही विश्वाला, प्रत्येकाने ते जसे प्रथम मांडले त्यात, प्रसरण नव्हते, ही गोष्ट तेथे आलेल्या पाहुण्याच्या सहसा मनात येत नाही.

पुण्याच्या उत्तरेस ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या: १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये आणि १६ तीन भुजांवर, २५ किलोमीटरच्या टापूत, शेतांमधून विखुरलेल्या. एवढ्या मोठ्या तबकड्या स्वस्तात उभारण्याची युक्ती अशी की पृष्ठभाग पत्र्याचा न करता ताणलेल्या पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली. वारा आरपार जातो, वजन घटते, आणि ज्या लांब लहरी पकडायच्या असतात त्यांना जाळीची छिद्रे दिसतच नाहीत. येथेही मूळ प्रेरणा विश्वाच्या इतिहासाचीच होती. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे १,४२० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेची रेडिओ लहर बाहेर टाकतो. दीर्घिका घडण्यापूर्वीच्या हायड्रोजन मेघांकडून ती आपल्यापर्यंत येईतो प्रसरणामुळे चारपाच पटींनी किंवा त्याहूनही अधिक ताणली जाते आणि नेमकी खोडदच्या कंप्रतापट्ट्यांत येऊन पडते. ज्या प्रचंड मेघांची तेव्हाच्या एका सिद्धांताने अपेक्षा केली होती ते सापडले नाहीत, कारण दीर्घिका मोठ्या मेघांतून फुटून नव्हे तर लहान गोळ्यांतून साचत घडल्या असे पुढे दिसून आले. पण हायड्रोजनचा माग सुटला नाही, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय केंद्रातील संशोधकांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचे सरासरी प्रमाण काढले. दुर्बिणीचे राष्ट्रार्पण ४ ऑक्टोबर २००१ रोजी झाले. फ्रेड हॉइल त्याच्या सहाच आठवडे आधी, २० ऑगस्टला, वारले होते.

मधल्या दशकात मूळ पंचाईत आणखी एकदा डोके वर काढून गेली होती. हबल अंतराळ दुर्बिणीच्या १९९४ मधील पहिल्या मापांनी हबल स्थिरांक ८० च्या आसपास दिला. त्यावरून विश्वाचे वय जेमतेम ८ ते १२ अब्ज वर्षे होत होते, तर सर्वांत जुन्या तारकागुच्छांतील तारे १४ अब्ज वर्षांहून वयस्कर मानले जात होते. लेक पुन्हा आईहून थोरली. हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्येच स्थिर स्थितीचे सुधारलेले रूप मांडले होते, ज्यात विश्व सुमारे १,००० अब्ज वर्षांच्या मापाने सावकाश प्रसरण पावते आणि त्याच्यावर काही दहा अब्ज वर्षांची लहान आवर्तने, आकुंचनाची व प्रसरणाची, होत राहतात. द्रव्याची निर्मिती सर्वत्र थेंबाथेंबाने न होता दीर्घिकांच्या केंद्रांजवळ स्फोटांसारखी होते, आणि सूक्ष्मतरंगी प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या सुईसारख्या कणांनी शोषून पुन्हा फेकलेला, असा त्यांचा दावा होता. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना तो पटला नाही, कारण त्या प्रारणातील बारीक चढउतारांचा जो आराखडा उपग्रहांनी पुढे टिपला तो महास्फोटाच्या हिशोबाशी फार नेमका जुळला. येथे एक विरोधाभास नोंदवला पाहिजे. दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या, वेधांवरून १९९८ मध्ये असे निष्पन्न झाले की विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वाढत चालले आहे. महास्फोटाच्या पाठ्यपुस्तकांना हा धक्का होता, तर प्रसरणाचा वेग वाढताच असला पाहिजे हे मूळ स्थिर स्थिती सिद्धांताचे १९४८ पासूनचे भाकीत होते. नारळीकर ते वारंवार निदर्शनास आणत. भाकिताचे चिन्ह बरोबर निघाले, मान मात्र कृष्ण ऊर्जेला, म्हणजे प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात ऊर्जेला, मिळाला, आणि वय वाढल्यामुळे पंचाईतही मिटली: वाढत्या वेगाचे विश्व आज दिसते त्या स्थितीला पोचण्यास अधिक वेळ घेते.

आज विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे मानले जाते. प्लांक उपग्रहाने टिपलेल्या सूक्ष्मतरंगी प्रारणावरून हबल स्थिरांक ६७.४ येतो, लेविट यांच्या सेफीड ताऱ्यांवरून अतिनवताऱ्यांपर्यंत पायरी पायरीने चढत गेले तर ७३ येतो, दोन्ही बाजू आपली चूक एक-दीड टक्क्याहून अधिक नसल्याचे सांगतात, आणि या फरकाचा अर्थ, बाकी सारे तसेच ठेवले तर, वयात सुमारे १ अब्ज वर्षांची तफावत असा होतो. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी आणि नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यातच निवर्तले, तेव्हाही हा फरक तसाच होता.

तो मिटवण्याची जी तिसरी वाट आहे, तिचे एक टोक मराठवाड्यात आहे. दोन अतिघन तारे एकमेकांभोवती फिरत अखेर मिसळतात तेव्हा निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या आकारावरूनच त्यांचे अंतर थेट काढता येते, मध्ये सेफीडसारखी कोणतीही पायरी लागत नाही, असे बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवले. गोंगाटात बुडालेला असा संकेत ओळखण्यासाठी कोणत्या नमुन्यांशी तो ताडून पाहावा, याचे पायाभूत गणित आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी केले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेतून असा संकेत आला, तिची ताम्रसृती दुर्बिणींनी मोजली आणि हबल स्थिरांक ७० निघाला, दोन्ही दाव्यांच्या बरोबर मधोमध, पण एकाच घटनेमुळे येणारी अनिश्चितता इतकी मोठी की दोघांपैकी कोणालाच बाद करता येऊ नये. ज्यांची दीर्घिकाही दुर्बिणींनी निर्विवाद ओळखली अशा आणखी काही डझन घटना हव्यात, आणि दीर्घिका ओळखण्यासाठी आकाशातील जागा नेमकी कळावी लागते, जी एकमेकांपासून खूप दूर असलेल्या अनेक शोधकांवर, म्हणजे या लहरी टिपणाऱ्या उपकरणांवर, लहर किती अंतराने आदळली यावरूनच ठरते. अमेरिका, इटली आणि जपान येथील शोधकांच्या जोडीला असा एक शोधक हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले असून, त्याच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील.